मिठाचं पाणी

मिठूनाना दिवसातून एकच तास घाई करत. बाकीचा सगळा वेळ ते गुडघाभर चिखलातून वाट काढल्यासारखे चालत, बोलत आणि जेवत. समोर चहा ठेवला तर तो निवेपर्यंत त्याच्याकडे बघत बसत. काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागे, की विचारणारा तोवर दुसऱ्या कामाला लागलेला असे. पण भट्टीतून माल बाहेर आला, पाण्यात बुडाला आणि 'चर्रर्र' असा आवाज झाला, की हाच माणूस एकदम वीस वर्षांनी लहान होई. "चला रे, घड्याळ लागलं!" अशी हाळी देऊन ते धोतराचा सोगा कमरेला खोचत आणि तासाभरात सगळा माल वाकवून, ठोकून, सरळ करून मोकळे होत. तास संपला की पुन्हा चिखल.

रोह्याला आमचा छोटासा कारखाना होता. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे सुटे भाग आम्ही बनवत असू: कड्या, पट्ट्या, पत्रे ठोकून जोडायचे रिव्हेट आणि विजेच्या खांबांवर चढणाऱ्या वायरमन लोकांच्या शिड्यांचे आकडे. शिडी खांबाला अडकते ती या आकड्यांवर. माल तापवायला एक मोठी लोखंडी टाकी होती आणि तिच्यात वितळलेलं मीठ होतं. खायचं नव्हे, फटाक्यांच्या दारूत घालतात त्या सोऱ्याच्या जातीचं. पाचशे अंशांना ते पाण्यासारखं नितळ होई आणि त्यात माल बुडवून ठेवला की सगळीकडून सारखा तापे. नाना पेणच्या पलीकडचे, खाडीकाठच्या गावातले, मिठागरावर राबणाऱ्या घरातले. बांध फुटून त्यांचं मिठागर गेलं आणि ते रोह्याला येऊन या टाकीपाशी उभे राहिले ते कायमचेच. म्हणायचे, "माझा बाप पाण्याचं मीठ करायचा, मी मिठाचं पाणी करतो. घराण्याचा धंदा सोडला नाय, उलटा केला."

मिठावरून मिठूनाना. पण नव्या माणसाला वाटे, पोपटासारखं एकच वाक्य बोलतात म्हणून हे नाव पडलं असावं. ते वाक्य म्हणजे "मुरू दे." नवीन माल कसा झालाय? मुरू दे. पगारवाढीचं काय होणार? मुरू दे. एकदा कँटीनच्या आचाऱ्याने आमटीत मीठ कमी आहे का म्हणून विचारलं, तर आमटीकडे बघून म्हणाले, "मुरू दे."

मी या माणसाच्या हाताखाली लागलो, असं आता म्हणतो. त्या वेळी माझी समजूत अशी होती, की हा माणूस माझ्या हाताखाली आहे. मी पेणचाच, पण तीन वर्षं पुण्यात धातुशास्त्राचा डिप्लोमा करून आलेला. पुण्याने मला 'नाय'ऐवजी 'नाही' म्हणायला शिकवलं होतं, आणि एवढ्या भांडवलावर मी स्वतःला विद्वान समजत होतो. आम्ही दोघे सकाळी पेणहून एकाच गाडीने रोह्याला जात असू. नाना मला 'सायेब' म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला वर्षभर कळलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी कर्तबगारी दाखवली. पाण्यातून नुकत्याच काढलेल्या पट्ट्या उचलल्या, कडकपणा मोजायच्या यंत्राखाली घातल्या आणि हादरलो. पट्ट्या लोण्यासारख्या मऊ! मी सगळ्या मालावर लाल खडूने फुल्या मारल्या, वहीत 'नापास' लिहिलं आणि थेट मोठ्या साहेबांकडे तक्रार घेऊन गेलो. साहेबांनी नानांना बोलावलं. नानांनी फुल्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सायेब, कालची कैरी आज खाऊन लोनचं नापास करताय व्हय? मुरू दे."

चार दिवसांनी त्याच पट्ट्या त्याच यंत्राखाली घातल्या, तर काटा जिथे हवा तिथे. काहीही न करता, नुसत्या पडून राहून त्या कडक झाल्या होत्या. हे पुस्तकात मी वाचलं होतं, परीक्षेत त्यावर मार्कही मिळवले होते. फक्त पुस्तकातला धातू आणि समोरची पट्टी यांची ओळख अजून कुणी करून दिली नव्हती. फुल्या पुसायला मला अर्धा दिवस लागला. नानांनी फडकं आणून दिलं.

ती ओळख नानांनी गाडीत करून दिली, कासू स्टेशनच्या आसपास, भाकरी खाता खाता. "नुसतं ॲल्युमिन मऊ. त्यात थोडं तांबं असतं. तापवलं की तांबं आत इरघळतं, च्यात साखर इरघळते तसं. सावकाश निवू दिलं तर ते कोपऱ्यात जाऊन गोळा होतं, कामाचं राहत नाय. पण झटकन पान्यात घातलं की जिथल्या तिथं अडकतं. मग चार दिवस आतल्या आत हळूहळू सरकतं आनि बारीक बारीक पाचरा बसतात. धातूचे थर एकमेकांवरनं घसरायला बघतात, तर मधे पाचर. म्हनून कडक." मग बोट वर करून म्हणाले, "पन पाचरा बसायच्या आधी तासभर असतो. तेवढा तास तो आपलं ऐकतो. वाकवा, फिरवा, सरळ करा. नंतर ऐकत नाय. जोर केला तर तडकतो."

एवढं ऐकूनही मी शहाणा झालो असं नाही. एकदा एक वाकडी पट्टी रॉकेलच्या ब्लोलॅम्पच्या ज्योतीवर तापवून मऊ करायला घेतली. लोखंड लाल होतं, तशी ती लाल व्हायची वाट बघत बसलो. पट्टी काही लाल होईना. बघता बघता तिचं टोक गळून माझ्या बुटावर पडलं. नाना धावत आले नाहीत, त्यांचा तो तास नव्हता. चिखलातून चालत आले आणि म्हणाले, "लोखंड लाजतं सायेब, लाल होतं. हे लाजत नाय. एकदम पान्यागत गळतं." मग खिशातून कपडे धुवायच्या साबणाचा तुकडा काढला, दुसऱ्या पट्टीवर रेघ ओढली, ज्योत लावली. रेघ तपकिरी झाली, काळी पडायला लागली, तशी ज्योत बाजूला. "साबन काळा पडला की थांबायचं." मी तोवर समजत होतो, की म्हातारा स्वच्छतेचा भोक्ता आहे म्हणून खिशात साबण बाळगतो.

बर्फाची गोष्ट तर मी बायकोलासुद्धा लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी सांगितली. नानांच्या टाकीशेजारी भुशाने भरलेली एक लाकडी पेटी असे. तिच्यात पेणच्या मासळीबाजारातल्या बर्फवाल्याकडून आणलेला बर्फ. मला वाटलं, नाना घरी न्यायला पापलेटं ठेवतात. एका उन्हाच्या दुपारी मी पेटी उघडली, मासे दिसले नाहीत, एक पुरचुंडी तेवढी दिसली, ती बाजूला काढली आणि बर्फ फोडून कोकम सरबत करून प्यायलो. सरबत जरा खारट लागलं. पुरचुंडीत रिव्हेट होते. पाण्यातून काढलेले रिव्हेट थंडगार ठेवले की मुरायचे थांबतात, दोन-तीन दिवस मऊ राहतात, लागतील तसे काढून ठोकता येतात. बर्फ जास्त गार व्हावा म्हणून नाना त्यात आपल्या गावचं जाडं मीठ घालत, आइस्क्रीमच्या भांड्यात घालतात तसं. दुपारभर उन्हात मुरलेले ते रिव्हेट आमच्या दामूने, ठोकायच्या कामावरच्या माणसाने, संध्याकाळी घेतले, तर तीन रिव्हेटांची डोकी फुटली. दामू म्हणाला, "नाना, आज रिव्हेटांना काय झालंय?" नाना माझ्या लाल ओठांकडे बघून म्हणाले, "सायबांनी त्यांचं सरबत केलंय."

इथवरचे प्रताप मी चारचौघांत हसत सांगतो. पुढचा सांगताना जरा पाणी प्यावं लागतं.

साखरचौथीचा गणपती आमच्या पेणच्या बाजूला घरोघर येतो. अनंत चतुर्दशीला सगळ्यांचे गणपती जातात, मग आमचे काही येतात. त्या वर्षी नानांनी त्यासाठी शनिवारची रजा घेतली. जाताना भट्टी लावून, साठ आकड्यांच्या पट्ट्या काढून ठेवून, मला म्हणाले, "सायेब, पान्यातनं काढल्यावर तास. बाकी दामूला ठाऊक हाय." मी म्हटलं, "नाना, मला सांगताय?"

सकाळी साडेदहाला माल पाण्यातून निघाला. दामू आणि दोघेजण पट्ट्या वाकवायला उभे राहिले. आणि मला सुचलं, की ही माणसं वर्षानुवर्षं हे काम करतात, पण का करतात हे त्यांना कुणी शास्त्रीय पद्धतीने समजावलेलं नाही. मी फळा मागवला. 'तासाभराच्या आत का वाकवावे?' असं शीर्षक दिलं. खाली दोन रेघा ओढल्या. मग तांब्याचे अणू काढले, त्यांच्या पाचरा काढल्या, धातूचे थर काढले.

दामू म्हणाला, "सायेब, वाकवायचं कवा?"

"आधी समजून घ्या. समजून केलेलं काम वेगळं असतं."

मध्ये जेवणाची घंटा झाली. जेवणानंतर मी उजळणी घेतली. पट्ट्या तासाभरात का वाकवाव्यात हे मी त्यांना शिकवलं, आणि शिकवायला मला अडीच तास लागले.

पहिलाच आकडा वाकवताना दामू म्हणाला, "कडक लागतंय." मी म्हटलं, जोर लाव. साठच्या साठ वाकले. काहींच्या वळणावर बाहेरच्या बाजूला केसासारखी रेघ दिसली. ती मी स्वतः पॉलिशकागदाने घासून काढली. आकडे चकचकीत दिसायला लागले. मला कायम करण्याचं पत्र साहेबांच्या टेबलावर सहीला पडलेलं होतं आणि जवळच्या जिते गावचे एक गृहस्थ नोकरी कायम झाल्याशिवाय मला मुलगी द्यायला तयार नव्हते. मी मनाशी म्हटलं, रेघच तर होती. मुरेल.

सोमवारी नाना प्रसादाचे मोदक घेऊन आले. आकडे न्यायला टेम्पो दारात उभा होता. नानांनी एक आकडा उचलला, वळणावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि थांबले. मग आजूबाजूला बघितलं. फळा पुसायचा राहिला होता. नानांनी शीर्षक वाचलं. शीर्षकाखालच्या दोन रेघा बघितल्या. फळ्याखाली उरलेला खडूचा तुकडा उचलून त्याची पूड केली. आकड्यावर रॉकेल लावलं, पुसलं, थोडं थांबून वर ती पूड भुरभुरली. आत शिरलेलं रॉकेल हळूहळू वर आलं आणि पांढऱ्या पुडीवर एक काळी रेघ उमटली. माझ्या खडूने माझीच रेघ काढून दाखवली.

"टेम्पो जाणार नाय," नाना म्हणाले, आणि आकडा घेऊन वर साहेबांकडे गेले. मागोमाग मीही.

साहेबांनी विचारलं, "तडे कशाने गेले?"

नाना गप्प. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागतो हे साहेबांना माहीत होतं, म्हणून ते थांबले. या वेळी उत्तर आलंच नाही.

साहेब म्हणाले, "मी कधीपासून सांगतोय, ते मिठाचं डबकं जुनं झालंय. माल जास्त तापला असणार. या महिन्यात बंद करून टाकू, विजेची भट्टी आणू. नाना, तुमची दोन वर्षं राहिलीत ना? पॅकिंगला बसा आरामात."

नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

खाली आल्यावर नाना टाकीच्या कडेला उभे राहिले. बऱ्याच वेळाने मी जवळ गेलो. "नाना, परत तापवून बघू या का? परत भट्टीत घातलं की मऊ होतं ना सगळं?"

"अकड जाते," नाना म्हणाले. "तडा जात नाय."

"मी सांगणार आहे साहेबांना. नक्की सांगणार आहे. पण आत्ता ते तापलेत. दोन दिवस जाऊ देत. जरा…" आणि माझ्या तोंडून ते गेलं, "जरा मुरू दे."

त्यांचा शब्द त्यांनाच ऐकवला होता मी. नाना वळले. भट्टीतून माल निघाल्यावर त्यांचा चेहरा जसा होई, तसा झाला.

"हे मुरवायचं नाय. पाचरा बसतील. दोन दिवसांनी तुझ्याच्यानं वाकवणार नाय, तडकशील." 'सायेब' गेलं होतं, 'तू' आलं होतं. "वरनं खाली येऊन किती मिनटं झाली?"

मी घड्याळ बघितलं. "वीस."

"मग चाळीस हायत."

मी जिना चढलो. साहेब फोनवर होते. मी दारात उभा, आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीवरचं घड्याळ. ते कुणाला तरी मुलाच्या शाळेबद्दल सविस्तर सांगत होते. तीस मिनिटं झाली. चाळीस. अठ्ठेचाळीस. पन्नास. फोन खाली ठेवला तेव्हा बावन्नावं मिनिट चालू होतं. मी एका दमात सगळं सांगितलं. घासलेल्या रेघांसकट.

"अडीच तास?" साहेब म्हणाले. "अडीच तास तू शिकवत काय होतास?"

"तासाभराच्या आत का वाकवायचं, ते."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, चष्मा काढून पुसला, आणि पुसता पुसता दुसऱ्या हाताने माझं पत्र उचलून खणात टाकलं. "सहा महिने. नानांच्या हाताखाली. आणि तो फळा मला परत दिसता कामा नये." मी दारापाशी पोचलो तेव्हा म्हणाले, "नानांना सांग, भट्टी राहू दे."

साठ आकडे वितळवायला गेले. जित्याचे गृहस्थ सहा महिने थांबले. मुलगी थांबली म्हणून ते थांबले, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी खाली आलो, तर नाना तिथेच उभे होते.

"किती झाली?"

"बावन्न."

"मऊ होतास अजून?"

"होतो."

"आता मुरू दे," नाना म्हणाले, आणि मोदकाचा डबा पुढे केला.

आता नाना नाहीत. मीही निवृत्त होऊन घरी बसलो आहे. त्या सोमवारची एक खोड मात्र राहिली आहे. बायकोशी भांडण झालं की मी घड्याळ बघतो. ती म्हणते, "बघा, बघा, अजून वेळ आहे तुम्हाला." बहुतेक वेळा मी पंचावन्न-छप्पन्नाव्या मिनिटाला शरण जातो. एकदा घड्याळ बंद पडलं होतं, तर तीन दिवस अबोला झाला.

पण डोळ्यांसमोर राहिला आहे तो नानांच्या निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसाचा प्रसंग. विजेची नवी भट्टी आली होती. आदल्या दिवशी संध्याकाळी निरोपाचा नारळ घेतल्यावर नानांनीच मीठभट्टीची आच बंद केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेणला गाडीत चढलो, तर नाना आपल्या जागेवर बसलेले, मांडीवर डबा.

"नाना, आज कुठे?"

"बघून येतो. थंड झाल्यावर कसं दिसतं ते कदी बघितलंच नाय."

टाकीतलं मीठ रातोरात गोठलं होतं. पांढरंशुभ्र, मधे जरा खचलेलं, कडेला भेगा पडलेल्या. उन्हाळ्यात खाडीकाठी मिठागराचा वाफा सुकल्यावर दिसतो, अगदी तसं. मिठाचं पाणी करता करता आयुष्य गेलं होतं, आणि शेवटी पाण्याचं मीठच झालं होतं. नानांनी लोखंडी सळई घेऊन वर हलकेच टोला दिला. 'खण्ण' असं वाजलं. बराच वेळ ते त्या आवाजाकडे कान लावून उभे राहिले.

"बापाचं मीठ अख्ख्या गावानं खाल्लं," ते म्हणाले. "माझं एवढं टाकीभर, पन कुनी खाल्लं नाय."

मी म्हटलं, "मी खाल्लंय, नाना."

नानांना उत्तर द्यायला नेहमीप्रमाणे वेळ लागला. त्यांनी सळई जागेवर नीट टेकवून ठेवली, हात पुसले, डबा उचलला.

"मग जाग," म्हणाले.